देणगीवरची वजावट नव्या करप्रणालीत आणा : केंद्रीय अर्थमंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया,

सादर नमस्कार.

नागपुरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्याबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांना रोज सांजेला जेवण देणाऱ्या एका छोट्या ट्रस्टचा मी कोषाध्यक्ष आहे. इतवारीतले एक व्यापारी दर दिवाळीला न मागता चेक पाठवायचे. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला : "काका, सीएनं मला नवीन टॅक्समध्ये टाकलं. तुमच्या पावतीचा आता उपयोग नाही. यंदा राहू द्या." त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्यावर असं बोलायची पाळी तुमच्या कायद्यानं आणली, म्हणून हे पत्र.

२०२० च्या अर्थसंकल्पात नवी करप्रणाली आली तेव्हा ती ऐच्छिक होती. २०२३-२४ पासून तीच आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर मुद्दाम निवडावी लागते. नव्या प्रणालीत ८०जीची, म्हणजे धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवरची, वजावट नाही. सगळ्याच वजावटी काढल्या असत्या तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण पगारदारांची ७५ हजारांची प्रमाणित वजावट राहिली, मालकानं एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) भरलेल्या रकमेची राहिली, अग्निवीर निधीचीही राहिली. राहू द्या, माझी ना नाही. मग दान करणाऱ्याची का गेली?

ती होती तरी केवढी? जुन्या प्रणालीत आमच्यासारख्या संस्थेला १०,००० रुपये दिले की त्यातले ५,००० उत्पन्नातून वजा होतात. २० टक्के दरानं कर भरणाऱ्याचे उपकर धरून १,०४० रुपये वाचतात. उरलेले ८,९६० त्याच्याच खिशातले. वर उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा. आणि राजकीय पक्षाला देणगी दिली तर जुन्या प्रणालीत आजही शंभर टक्के वजावट, दहा टक्क्यांची अट नाही! पक्षाचा निधी पूर्ण वजा आणि गडचिरोलीहून बायकोला घेऊन आलेल्या माणसाचं ताट निम्मं वजा, हा हिशेब कुणी मांडला?

आता आमचं ऐका. प्रत्येक देणगीदाराचा पॅन, पत्ता, रक्कम आयकर खात्याच्या १०बीडी फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत भरायची. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, शिवाय १० हजारांपासून एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पॅनचं एक अक्षर चुकलं की देणगीदार मलाच फोन करतो. रात्री भांडी घासून झाली की मी पावतीपुस्तक घेऊन पोर्टलसमोर बसतो. डोळ्यांना आता ते सोसत नाही. दर वर्षी ऑडिट आहे, धर्मादाय आयुक्तांकडचे हिशेब वेगळे. २०२५ च्या अर्थसंकल्पात लहान संस्थांची आयकर खात्याकडची नोंदणी पाचाऐवजी १० वर्षांची केलीत, त्याबद्दल आभार. पण देणगीदाराला वजावट मिळवून देणारी ८०जीची मान्यता मात्र पाच वर्षांचीच ठेवलीत. एकाच संस्थेची दोन कागदं, दोन मुदती!

खोट्या पावत्या विकणारे ट्रस्ट आहेत, हे मलाही ठाऊक आहे. त्यांना धरा, तुरुंगात घाला. पण त्यांच्यापायी वरण-भात वाढणाऱ्यालाही चोर समजायचं का? थंडीत लोक ब्लँकेट आणून देतात, कुणी तांदळाचं पोतं उतरवतं. वस्तुरूपातल्या देणगीला वजावट नाहीच. रोख दिले तर २,००० रुपयांपर्यंतच चालतात. दवाखान्याच्या व्हरांड्यात बालाघाटची, गोंदियाची माणसं पेपर अंथरून झोपतात. त्यांची सोय करणं सरकारचं काम होतं. ते तुम्ही केलं नाही, आम्ही करतो, आणि वर पुरावेही आम्हीच द्यायचे. साऱ्या व्यवस्थेचा हाच खाक्या झाला आहे : नियम पाळणाऱ्यालाच पिळायचं.

प्रत्यक्ष कर अकादमी आमच्याच नागपुरात, छिंदवाडा रोडवर आहे. देशाचे कर अधिकारी तिथे तयार होतात. त्यांना एक संध्याकाळ आमच्या पंगतीत वाढायला पाठवा. मग माझं पावतीपुस्तक तपासा, पानन् पान दाखवतो.

येत्या अर्थसंकल्पात ८०जीची वजावट नव्या करप्रणालीत आणा. लहान संस्थांची ८०जी मान्यताही १० वर्षांची करा. फार काही मागत नाही. या पत्राला सहीचं उत्तर हवं आहे, पोर्टलवरची पोच नको.

आपला,
एका धर्मादाय संस्थेचा कोषाध्यक्ष, नागपूर