सोन्याच्या तारेने सांधलेली काच आणि आमच्या दालनाचं कुलूप

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात नववीची मुलं घेऊन जिल्ह्याच्या शासकीय संग्रहालयात गेले. प्राचीन व्यापाराचं दालन उघडं ठेवू, असं लेखी उत्तर माझ्या पर्समध्ये होतं. दालनाला मात्र कुलूप होतं, किल्ली सांभाळणारे साहेब रजेवर! एसटीचे पैसे मुलांनी खाऊच्या पैशांतून जमवले होते. उन्हात पायऱ्यांवर बसून त्यांनी डबे खाल्ले. माझे गुडघे दोन दिवस सुजले होते, पण त्याहून जास्त लागलं ते एका मुलीचं विचारणं, "बाई, मग ते आत आहे तरी का?"

त्यांना मी आधी कोरियातल्या एका काचपात्राची गोष्ट सांगितली होती. सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते मी स्वतः पाहिलंय. ग्योंगजू ही कोरियातल्या प्राचीन सिल्ला राज्याची राजधानी. तिथल्या ह्वांगनामदेचोंग या जोडटेकडीसारख्या राजसमाधीचं उत्खनन 1973 ते 1975 मध्ये झालं. समाधीची लांबी सुमारे 120 मीटर. एवढ्या मोठ्या कामाला हात घालण्याआधी सराव म्हणून उत्खनन करणाऱ्यांनी शेजारची लहान समाधी खणली, तर तिच्यातही सुवर्णमुकुट निघाला! मोठ्या समाधीच्या दक्षिण भागात हे पात्र मिळालं. पाचव्या शतकातलं, हिरवट काचेचं, पक्ष्याच्या डोक्यासारखं तोंड, निळा कान. उंची जेमतेम 25 सेंटीमीटर. घडण भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडची, म्हणजे अर्धं जग ओलांडून आलेलं. त्याच्या कानावर सोन्याची तार गुंडाळलीय. सोन्याने मढलेल्या त्या राज्यात काच इतकी मोलाची होती की तिच्या डागडुजीला सोनं वापरलं.

भूमध्य समुद्राकडचा, रोमन जगाचा माल आपल्याकडेही उतरलाच. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्रांझमूर्ती सापडली, नेवाशाला मद्यकुंभांची खापरं. मुलांना हेच जोडून दाखवायचं होतं.

साहेब, सोलला कायमस्वरूपी दालनांना तिकीट नाही. आणि आमच्याकडे? उत्खननं होतात, पेट्या भरतात, अहवाल वीस-वीस वर्षं निघत नाहीत. निम्मी पदं रिकामी असतील, जास्तच असतील. पुतळ्यांना पैसा मिळतो, उद्घाटनांना मिळतो, दालनातल्या दिव्याला मिळत नाही. शाळांचंही तेच: शिक्षक नाहीत, आहेत त्यांना सर्वेक्षणाला जुंपलेलं. इतिहासावरून भांडायला सगळे पुढे, जपायला कुणी नाही. याचा मला संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही.

माझी मागणी एवढीच: ते दालन सुट्टीच्या दिवशीही उघडं ठेवा, दुसरी किल्ली कार्यालयात ठेवा, वस्तूंखाली मराठीत नीट माहिती लावा. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच मुलांना पुन्हा घेऊन येणार आहे. तारीख आधी कळवीन. या वेळी उत्तर तुमच्या सहीचं हवं.

आपली,
एक शिक्षिका