'मनावर घेतलं की सुटते' म्हणणाऱ्या काकांना

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका काकांनी लिहिलं होतं की दारू काय, मनावर घेतलं की सुटते, बाकी सगळी नाटकं. काका, आमच्या दादाने चार वेळा मनावर घेतलंय, एकदा तर गणपतीसमोर शपथ घेऊन, आणि विसर्जनाच्या आतच परत सुरू.

मी डॉक्टर नाही, दादाच्या ट्रीटमेंटच्या वेळी जे समजलं ते लिहितो. मेंदूत दारूचं असं एकच केंद्र नसतं, लांब लांबचे भाग मिळून काम करतात, त्यांची नेटवर्क असतात. एक हेरणारं, म्हणजे आत्ता कशाकडे लक्ष द्यायचं ते ठरवणारं, इन्सुला हा भाग त्यातलाच. दुसरं कपाळामागचं, ब्रेक लावणारं. तिसरं आपण नुसते बसलो की चालू होतं, जुन्या आठवणी, 'माझं कसं होणार' वगैरे, २००१ मध्ये मेंदूचे अभ्यासक मार्कस राइकली यांनी त्याला डिफॉल्ट मोड म्हटलं. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांच्या स्कॅनमध्ये बऱ्याचदा दिसतं की हेरणारं नेटवर्क बाटली, ग्लास बघितला की लगेच पेटतं आणि ब्रेकवाल्याची जोडणी ढिली पडलेली असते. आता ज्या ब्रेकने थांबायचं तोच ढिला, तर मनावर घ्यायचं कशाने?

आमच्या स्टॉपसमोरच वाइन शॉप आहे, बाहेर चकण्याची गाडी. दादा पीएमटीतून उतरला, शेंगदाणे भाजल्याचा वास आला की बोलता बोलता मधेच गप्प व्हायचा, हात आपोआप खिशाकडे. हल्ली एक स्टॉप आधी उतरून चालत येतो, पावसातसुद्धा.

दारू बंद राहिली तर ही जोडणी बरीच सुधारते, पण महिने जातात, कधी वर्षं. (आणि रोज पिणाऱ्याची घरच्या घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, आधी डॉक्टर.) पुण्यात तर येरवड्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तरी आपल्याकडे अजून 'नाटकं'च.

एक तुमच्याकडेही मागणं आहे साहेब. गटारी आली की दरवर्षी पहिल्या पानावर फेसाळत्या ग्लासचा मोठ्ठा फोटो असतो. यंदा तो नका छापू, दादा सकाळी चहाबरोबर तुमचाच पेपर वाचतो.

- एक वाचक, कोथरूड, पुणे