निकष उतरवून जागा भरू नयेत

जागा फार काळ रिकामी ठेवण्यापेक्षा निकष थोडे शिथिल करून माणूस घ्यावा, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. अडचण खरी आहे, पण उपाय पटला नाही. घाईत नेमलेल्या माणसाचे काम शेवटी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या गळ्यात पडते. हिशेब पुन्हा तपासा, मसुदा पुन्हा लिहा, चिडलेल्या ग्राहकाची समजूत काढा. याला आधी कंटाळतात ते चांगले कर्मचारी, आणि सोडूनही तेच जातात. मग एकाच्या दोन जागा रिकाम्या होतात.

मात्र कडक निकष म्हणजे पदव्यांची आणि अनुभवाच्या वर्षांची लांबलचक यादी नव्हे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये कर्मचारी निवडीच्या पद्धतींवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. उमेदवार पुढे कसे काम करील याचा अंदाज अनुभवाच्या वर्षांवरून फारच कमी बांधता येतो, असे त्यात दिसले. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे आणि सर्वांना तेच ठरलेले प्रश्न विचारणे या पद्धती कितीतरी सरस ठरल्या.

तरीही अनेक ठिकाणी मुलाखत ‘स्वतःबद्दल सांगा’ने सुरू होते आणि गप्पांवर संपते. पत्रव्यवहार सांभाळणारा माणूस हवा असेल, तर अर्धा तास देऊन त्याच्याकडून एक पत्र लिहून घ्यावे. मुलाखतकारांनी आपसांत बोलण्यापूर्वी स्वतंत्रपणे गुण द्यावेत. यात नेमणूक थोडी लांबेल; तेवढा उशीर व्यवस्थापनाने जरूर सोसावा.

– एक वाचक