व्हीसीडी वाचल्या जातात तोवरच त्या घरच्या सर्व्हरवर घ्या

संपादक महोदय,

ओटीटीची वर्गणी वाढली की ‘त्यापेक्षा घरीच मीडिया सर्व्हर उभारा’ असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. (मीडिया सर्व्हर म्हणजे व्हिडिओ फायली साठवून घरातल्या टीव्ही-फोनवर दाखवणारा संगणक.) सल्ला चांगला आहे, पण सर्व्हरवर ठेवायचं काय हे त्यात कुणी सांगत नाही. मराठी घरांपुरतं त्याचं उत्तर बऱ्याचदा कपाटातच असतं: वीसेक वर्षांपूर्वी विकत घेतलेल्या नाटकांच्या आणि चित्रपटांच्या व्हीसीडी. यातली कितीतरी नाटकं वर्गणी भरूनही कुठे सापडत नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच व्हावी असं मला कळकळीनं वाटतं.

घाई करायला कारण आहे. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या छोट्या कप्प्यात, २०४८ बाइट माहिती आणि सोबत चूक दुरुस्त करणारे जादा बाइट असतात. व्हीसीडीत ते दुरुस्तीचे बाइट काढून त्या जागीही चित्र आणि आवाजच भरला, सेक्टरमागे २३२४ बाइट. त्यामुळे ज्या ओरखड्यावरून डेटा सीडी सहज पार होते, तिथे व्हीसीडी अडकते. डिस्क पुसताना मऊ सुती कापड मधून कडेकडे सरळ न्यावं. गोल पुसलं आणि चरा पडला तर तो ट्रॅकच्या दिशेनं जातो आणि सलग माहिती खातो. एका ड्राइव्हनं हात टेकले तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर जरूर करून पाहा.

विंडोजवर ‘एमपेगएव्ही’ या फोल्डरातली डॅट फाइल सरळ कॉपी होते. लिनक्स या मोफत प्रणालीवर मात्र तीच कॉपी इनपुट-आउटपुट एरर देऊन थांबते आणि लोक डिस्क बाद समजून टाकून देतात. कृपया टाकू नका. सेक्टरची ही वेगळी रचना तिथे साध्या कॉपीला झेपत नाही, इतकंच. ‘व्हीसीडीइमेजर’ या पॅकेजमधली ‘व्हीसीडीएक्सरिप’ ही आज्ञा तीच डिस्क वाचते. मिळालेली फाइल एफएफएमपेग या मोफत साधनानं नुसती नव्या वेष्टनात, म्हणजे वेगळ्या फाइल-प्रकारात, घ्यावी. पुन्हा एन्कोड करू नये, म्हणजे चित्र नव्यानं घडवू नये. मूळ चित्रच ३५२ बाय २८८ पिक्सेलचं आहे. ते फुगवून चेहरे स्पष्ट होत नाहीत, उरलासुरला तपशील मात्र जातो. मिनिटाला साधारण १० एमबी धरले तर अडीच तासांचं नाटक दीड जीबीत बसतं, म्हणजे १ टीबीत सहाशेच्या वर नाटकं.

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी न्याय्य उपयोगाची मुभा आहे. तिचा अर्थ स्वतः विकत घेतलेल्या डिस्कपुरताच घ्यावा, प्रती वाटत सुटू नये. व्हीसीडीला कॉपी रोखणारं कुलूप नसतं. डीव्हीडीला बहुधा असतं आणि ते तोडण्याशी २०१२ च्या दुरुस्तीतल्या कलम ६५अ चा संबंध येतो, हे ध्यानात ठेवावं.

सर्व्हरसाठी जेलीफिन हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर पुरेसं आहे. एम्बी या तशाच सॉफ्टवेअरनं आपला कोड बंद केल्यावर २०१८ च्या डिसेंबरात त्यातूनच ते वेगळं निघालं. यंत्र म्हणून इंटेलच्या सातव्या पिढीचा किंवा नंतरचा जुना लॅपटॉप उत्तम, कारण टीव्हीला न चालणारा व्हिडिओ चालता चालता बदलून द्यायचं काम त्याची ग्राफिक्स चिप करते. रास्पबेरी पाय ५ हा छोटासा संगणक स्वस्त दिसतो, पण त्यात व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअरच नाही. सरासरी १० वॉट धरले तर महिन्याला ७ युनिटच्या आसपास वीज लागते. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, ती सेटिंग आधी बंद करावी. बॅटरी कायम पूर्ण भरलेली राहिली तर फुगू शकते, म्हणून चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा घालावी.

वीज गेली की खरा घोळ होतो. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण वेगळा अडॅप्टर लागणारी साडेतीन इंची डिस्क जागीच बंद पडते. तेवढ्यात जेलीफिनचं फायली तपासणारं स्कॅन सुरू झालं तर फायली पुसल्या गेल्या असं समजून जेलीफिन सगळी यादी रिकामी करू शकतं. म्हणून यूएसबीवरच चालणारी अडीच इंची डिस्क घ्यावी. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या हे सांगणाऱ्या लिनक्सच्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये ती ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशा नावानं लिहू नये, यूयूआयडी या तिच्या कायमच्या ओळख-क्रमांकानं लिहावी. त्या नावांची रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकते.

नाटकं जेलीफिनच्या ‘चित्रपट’ या प्रकारात टाकू नका. तिथे ते नावावरून इंटरनेटवर माहिती शोधतं. त्याच नावाचा चित्रपट असेल तर त्याचं पोस्टर आणि कलाकार नाटकाला चिकटतात. नाटकांसाठी ‘होम व्हिडिओ’ प्रकाराची वेगळी लायब्ररी करावी. चित्रपटाच्या फोल्डरला नाव आणि कंसात वर्ष द्यावं. दोन डिस्कवरच्या चित्रपटाच्या फायलींना एकच नाव देऊन शेवटी ‘पार्ट१’, ‘पार्ट२’ इंग्रजी अक्षरांत लिहिलं की ते सलग चालतात.

परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांना हे पाहायचं असतं आणि तिथे बरेच जण अडकतात. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र आयपी पत्ता मिळतच नाही, एकच पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो. मग राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून कुणी पोचत नाही. सर्व्हरवर आणि पाहणाऱ्याच्या उपकरणावर टेलस्केल हे दोन्हींना खासगी जाळ्यात जोडणारं ॲप बसवलं की काम होतं, आणि ८०९६ हा जेलीफिनचा पोर्ट साऱ्या जगाला उघडा टाकायची गरजही उरत नाही.

दुसरी प्रत मात्र हवीच. दोन डिस्क रेडमध्ये, म्हणजे एकीची नक्कल आपोआप दुसरीवर होईल अशा, जोडल्या म्हणजे बॅकअप झाला असं नाही. एकीवरून चुकून पुसलेलं दुसरीवरूनही त्याच क्षणी जातं. दुसरी डिस्क महिन्यातून एकदा जोडून प्रत घ्यावी आणि काढून कपाटात ठेवावी. मूळ व्हीसीडीही जपाव्यात, कारण ती प्रत आपण विकत घेतल्याचा पुरावा त्याच आहेत.

– एक वाचक, नाशिक