दुग्धविकास मंत्र्यांना खुलं पत्र: पिशवीवर दुसरा भाव पण छापा

मा. दुग्धविकास मंत्री साहेब,

सप्रेम नमस्कार. मी कुर्ल्याला नेहरूनगरमध्ये दुधाची लाइन टाकतो, म्हणजे घरोघरी दुधाच्या पिशव्या पोचवतो, बावीस वर्षं झाली. पावणेचारला टेम्पो येतो, क्रेट उतरले की पहिलं काम म्हणजे पिशव्या चाचपून बघायच्या, कारण टेम्पो एकदा हलला की लीकेज निघालेली पिशवी माझ्या खिशातून जाते. पावसाळ्यात तर क्रेटच्या तळाला दूध कुठलं आणि पाणी कुठलं तेच कळत नाही, मोबाइल दातात धरून उजेड पाडायचा आणि एकेक पिशवी दाबून बघायची. हे रडगाणं नाही, धंदा आहे, चालायचंच.

पत्र लिहायचं कारण माझा मेहुणा. तो अकोले तालुक्यात असतो, पाच गाई आहेत, धार माझी बहीण काढते आणि दूध संकलन सेंटरवर दूध तो घालतो. दर दहा दिवसांनी त्याचा पगार होतो (गावाकडे दुधाच्या पैशाला पगारच म्हणतात, महिन्याच्या पगारासारखा खात्रीचा मात्र तो कधीच नसतो). बेस रेट 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग). त्याच्या खाली गेलं की पॉइंटमागे कपात, आणि उन्हाळ्यात हिरवा चारा संपला की फॅट लागतच नाही. 2024 च्या सुरुवातीला गाईच्या दुधाचा भाव 26-27 रुपयांवर आला होता तेव्हा मेहुणा फोनवर म्हणाला, सरकी पेंडेचं पोतं आणायचं की पोरीची फी भरायची ते सांगा. मी काय सांगणार? त्याच सकाळी मी गाईच्या दुधाची पिशवी त्याच्या दुप्पट भावाला दारात ठेवून आलो होतो, आणि तिच्यावरही तेच छापलेलं, फॅट 3.5, एसएनएफ 8.5.

मधला खर्च मला कळतो. चिलिंग, टँकर, पॅकिंग, वाहतूक, कमिशन, हे सगळं लागतंच, फुकट कोणी काही करत नाही. पण किती लागतो ते कोणालाच दिसत नाही. म्हणून मागणी एकच आहे. पिशवीवर एमआरपी छापता ना, तिच्या शेजारी शेतकऱ्याला मिळालेला भावही छापायला लावा. रोज बदलायची गरज नाही, मागच्या महिन्याचा चालेल. तारखेचा शिक्का रोज बदलतोच की मशीनवर.

अनुदान दिलंत ते मान्य. 2024 च्या जानेवारीत लिटरला 5 रुपये, ऑक्टोबरपासून 28 चा भाव आणि वर 7 रुपये. पण ते मिळायला गाईच्या कानात बिल्ला हवा होता आणि सरकारच्या पोर्टलवर नोंद हवी होती. बहिणीच्या एका गाईचा बिल्ला कुंपणाच्या तारेत अडकून कान फाटून गेला. नवीन बिल्ला येईपर्यंत ती गाय दूध देत होती, सेंटर घेत होतं, अनुदानाच्या यादीत मात्र ती गाय नव्हतीच. गाईला कोण समजावणार की बिल्ला येईपर्यंत आटून बस. उसाला एफआरपी म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव आहे, साखर विको न विको कारखान्याला तेवढा भाव द्यावाच लागतो. दुधाला तसा कायदा का नाही, हे शेतकरी किती वर्षं विचारतायत.

आता थोडं आमच्या टोकाचं. दहा मिनिटात दूध आणणारे अ‍ॅप आलेत, पोरं पळतात बिचारी, त्यांच्यावर राग नाही. पण चौथ्या मजल्यावरच्या आजी, लिफ्ट नाही, दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवून ठेवतात, महिनाअखेर वहीत हिशोब. दोन दिवस पिशवी तशीच लटकलेली दिसली तर मी बेल वाजवतो. अ‍ॅपला तसलं काही दिसणार नाही.

आणि सरकारची स्वतःची दूधविक्री होतीच की! 1949 ला गोरेगावला आरे कॉलनी काढली ती शहरातले म्हशींचे गोठे तिकडे हलवून मुंबईला चांगलं दूध द्यायला. माझे वडील कार्ड घेऊन काचेच्या बाटलीसाठी लाइनीत उभे राहायचे. आता आरेच्या स्टॉलवर वेफर्स, कोल्ड्रिंक, सिगारेटसुद्धा मिळते, दूध विचारलं की माणूस आधी आपल्याकडेच बघतो. राज्यातल्या दूध संघांची महानंद डेअरी 2024 मध्ये एनडीडीबीकडे, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे, चालवायला गेली, आमच्या कुर्ल्याच्या मदर डेअरीची जागा धारावी पुनर्विकास प्रकल्पाला द्यायचा जीआर त्याच वर्षी जूनमध्ये निघाला. जागेचं जाऊ दे. निदान जे स्टॉल उरलेत तिथे सकाळी सहा ते नऊ तरी दूध ठेवायची सक्ती करा, आणि लाइनवाल्याचं लीकेज कंपनीने भरून द्यायचं एवढा एक नियम काढा.

मेहुण्याची या दहा दिवसांची स्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर आलीय. ती आणि आज सकाळची पिशवी शेजारी ठेवून फोटो काढलाय, सोबत जोडतोय. दोन्ही आकडे नीट वाचता येतात.

आपला,
एक दूधवाला, नेहरूनगर, कुर्ला पूर्व