पाय मुरगळल्यावर पहिला अर्धा तास : शिक्षक मित्रास पत्र

पुणे,
दि. १४ जुलै

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

श्रावणात नववीच्या मुलांना राजगडावर नेण्याचा तुझा बेत कळला आणि आनंद झाला. प्रथमोपचाराच्या पेटीत काय असावे, असे तू विचारले आहेस आणि त्यात सर्पदंशाविषयी दोन प्रश्न आहेत. साप दिसण्याची शक्यता नाकारत नाही, पण पावसाळी गडावर शाळेच्या सहलीत हमखास घडते ते पाय मुरगळणे. म्हणून हे पत्र मी तेवढ्याच विषयाला वाहणार आहे.

हे बहुधा उतरताना होते आणि त्याला कारण आहे. बाहेरच्या बाजूचा घोटा आतल्या घोट्यापेक्षा खालपर्यंत उतरलेला असल्यामुळे पाऊल बाहेर कलंडणे अवघड आणि आत कलंडणे सोपे असते. शिवाय दोन घोट्यांच्या खोबणीत बसणारे हाड पुढून रुंद आणि मागून अरुंद आहे. उतारावर पावलाची बोटे खाली झुकली की त्याचा अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा काहीसा सैल पडतो. अशा वेळी शेवाळलेल्या दगडावरून पाऊल आत वळले, की बाहेरच्या घोट्याच्या पुढचा अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा चिवट पट्टा, सर्वांत आधी ताणला जातो किंवा फाटतो. त्याच्या आसपासच्या बारीक रक्तवाहिन्याही फाटतात, म्हणून सूज येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कातडी काळीनिळी दिसते.

मूल खाली बसले, की भोवती घोळका जमतो आणि त्यात कोणीतरी तेलाची बाटली काढतो. पहिले काम हेच, की त्या हातांना थांबवायचे. चोळल्याने आत चाललेला रक्तस्राव वाढतो, आणि शेकल्यानेही तेच होते. ‘कट्’ असा आवाज काढून पाय ‘जागेवर बसवणारा’ तर हाड मोडलेले असल्यास मोठे नुकसान करून ठेवतो. पहिले दोन-तीन दिवस तेल, मालीश, गरम पाण्याची पिशवी, मीठ घातलेले गरम पाणी यांतले काहीही नको. आंबेहळदीचा लेप घरी कोणी थंड आणि हलक्या हाताने लावला तर माझी हरकत नसते, पण गडावर तो नको, कारण त्याखाली कातडीचा रंग दिसेनासा होतो आणि आपल्याला तो पाहायचा असतो.

दुसरे काम म्हणजे हाड दाबून पाहणे. १९९२ मध्ये कॅनडातील ओटावा येथे डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी काही साधे नियम मांडले. आम्ही डॉक्टर ते रोज वापरतो, आणि तुझ्यासारख्या नीट वाचणाऱ्या माणसालाही ते जमतील. बूट आणि मोजा काढ. बाहेरच्या घोट्याच्या मागच्या कडेवरून, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबत जा. मग आतल्या घोट्यावर तसेच कर. नंतर करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यावर एक हाडाचा उंचवटा लागतो, तो दाब, आणि शेवटी आतल्या घोट्याच्या थोडे पुढे व खाली असलेले हाड. यांपैकी नेमक्या हाडावर दाबल्यावर मूल कळवळले, किंवा त्याला आधाराशिवाय लंगडत का होईना चार पावले टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा हे ठरले. घोट्याच्या पुढच्या मऊ भागात दुखणे वेगळे, तो बहुधा अस्थिबंध असतो. मात्र ही परीक्षा मी तुला थोडी कडक करून सांगतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हाडांची वाढ चालू असते आणि हाडाच्या टोकाजवळची वाढीची पट्टी अस्थिबंधापेक्षा कच्ची असते. त्यामुळे मोठ्या माणसाचा अस्थिबंध ज्या झटक्याने फाटेल, त्याच झटक्याने मुलाची ती पट्टी दुखावू शकते. शंका आली तरी एक्स-रे काढावा. पाऊल वाकडे दिसले, हाड कातडीबाहेर आले, किंवा बोटे थंडगार व बधिर झाली, तर दाबून पाहण्याच्या भानगडीत न पडता पाय आहे तसा आधार देऊन ठेव आणि १०८ ला फोन कर.

तिसरे काम थंडाव्याचे. गडावर बर्फ मिळणार नाही, पण श्रावणात पाण्याला तोटा नसतो. पंचा ओला करून घोट्याला गुंडाळ आणि गरम झाला की बदल, असे पंधरा-वीस मिनिटे कर. खाली पोहोचल्यावर बर्फ मिळाला तर तो कापडात गुंडाळून, तेवढाच वेळ, दर दोन-तीन तासांनी लाव. उघड्या कातडीवर बर्फ ठेवल्यास कातडी भाजल्यासारखी होते. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चौकडी डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केली आणि २०१४ मध्ये त्यांनीच लिहिले, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याची क्रिया लांबू शकते. म्हणून आज आम्ही बर्फाकडे दुखणे कमी करणारा उपाय म्हणून पाहतो, बरे करणारा म्हणून नाही.

आता क्रेप बँडेज, ज्याविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण पेटीत ते प्रत्येकाकडे असते आणि बांधता फार थोड्यांना येते. दहा सेंटिमीटर रुंदीचे घे. मुलाचे पाऊल नडगीशी काटकोनात धरायला सांग, नाहीतर पट्टी पाऊल लोंबकळत्या अवस्थेतच घट्ट करते. बोटांच्या मुळापासून सुरुवात करून पावलाभोवती दोन वेढे घे. मग पट्टी पावलावरून तिरकी वर नेऊन घोट्याच्या मागून फिरव, पुन्हा पावलावरून तिरकी खाली आणून तळव्याखालून काढ. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे हे वेढे चढत जातात आणि प्रत्येक वेढ्याने आधीच्या वेढ्याची निम्मी रुंदी झाकायची असते. घोट्याच्या वर चार बोटे गेल्यावर थांब. ताण खाली थोडा जास्त आणि वर जाताना कमी हवा. उलटे झाले की सूज बोटांत उतरते. बोटे उघडी ठेव, अंगठ्याचे नख दाबून सोड, पांढरे झालेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. मुंग्या आल्या, बोटे निळसर झाली किंवा दुखणे वाढले तर लगेच सोडून सैल बांध. रात्री झोपताना पट्टी काढून ठेवायची आणि पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवायचा. खुर्चीवर बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवणे म्हणजे उंच ठेवणे नव्हे.

हे सर्व पंधरा-वीस मिनिटांत आटप आणि चालायचे असेल तर बूट लगेच परत घाल, लेस सैल ठेवून. अर्धा तास बूट काढून बसलात तर सुजलेला पाय पुन्हा आत जाणार नाही आणि चपलेवर उतरण्याची वेळ येईल.

उतरण्याच्या वाटेचा विचार आधीच करून ठेव. तुम्ही गुंजवण्याहून चोर दरवाजाने चढणार, हे तू लिहिलेच आहेस. पण त्या अरुंद, खड्या वाटेने लंगडणाऱ्या मुलाला दोन बाजूंनी आधार देऊन उतरवता येत नाही. त्यापेक्षा पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट धर. बस गुंजवण्यात उभी असेल, तर चालकाला वाजेघरच्या बाजूला यायला सांगावे लागेल, म्हणून त्याचा नंबर दोघा शिक्षकांकडे असू दे. मुलाकडे काठी दिलीस तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात दे. हाड दुखावल्याची शंका असेल, तर मात्र त्याला चालवू नकोस. पायावर भार न टाकता उचलूनच आणावे लागेल.

औषधांपैकी पॅरासिटामॉल पुरे आहे, आणि तेही पालकांना फोनवर विचारून. चाळीस किलोच्या मुलाला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, सहा तासांच्या अंतराने. अॅस्पिरिन मुलांना देऊ नये.

पुढचे पालकांना सांगायचे. हाड शाबूत असेल तर एक-दोन दिवसांनंतर दुखणे सोसेल तेवढा भार पायावर टाकू द्यावा, कारण पूर्ण पडून राहिल्याने सांधा आखडतो. पलंगावर बसून पायाच्या अंगठ्याने हवेत अ, आ, इ गिरवणे हा मुलांना आवडणारा आणि खरोखर उपयोगी व्यायाम आहे. सूज उतरल्यावर एका पायावर तोल सावरून उभे राहण्याचा सराव करावा. तो टाळणाऱ्यांचा तोच पाय वारंवार मुरगळतो, असा माझा रोजचा अनुभव आहे. सौम्य दुखापत एक-दोन आठवड्यांत आवरते, अस्थिबंध बराच फाटला असेल तर महिना-दीड महिना सहज जातो. पाच-सहा दिवसांनीही मूल पाय टेकवत नसेल, तर पहिला एक्स-रे चांगला आला होता म्हणून गप्प बसू नये, पुन्हा दाखवावे.

पेटीत दोन क्रेप बँडेज, एक पंचा, कात्री आणि पॅरासिटामॉल एवढे या कामासाठी ठेव. रविवारी इकडे येणार असशील तर बँडेज घेऊन ये, माझ्या पायावर दोनदा बांधून पाहा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
श्रीकांत