मान दुखते म्हणून कटकन मोडून घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रंकाळ्याच्या कट्ट्यावर मोबाईल घेऊन बसलेल्यांकडे बाजूने पाहिले, तर बहुतेकांचे कान खांद्याच्या पुढे आलेले दिसतात. डोक्याचे वजन साधारण ५ किलो. न्यूयॉर्कचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या गणितानुसार मान ६० अंश वाकली, की मणक्यांवर सुमारे २७ किलो भार येतो. पण नुसते वाकण्याने बिघडत नाही, अर्धा-पाऊण तास मान तशीच धरल्याने बिघडते. मागचे स्नायू ताणलेलेच राहून थकतात, मग आवळून येतात.

मोबाईल छातीच्या वर आणावा. हात अधांतरी टिकत नाही, म्हणून दुसरा हात पोटाशी आडवा धरून त्यावर कोपर टेकवावे. दर २० मिनिटांनी उठावे.

व्यायामात सर्वांत कामाचा हनुवटीचा. ताठ बसून, नजर समोर ठेवून, ड्रॉवर आत ढकलतो तशी हनुवटी सरळ मागे न्यायची. गळ्याखाली वळी पडली की बरोबर जमले. ५ सेकंद धरावे, १० वेळा, दिवसातून तीनदा. बहुतेक जण हनुवटी छातीकडे खाली नेतात. मग तो व्यायाम उरतच नाही, मान पुन्हा वाकते. कळ हाताकडे उतरू लागली तर लगेच थांबावे.

मुख्य काळजी वाटते ती सलूनमध्ये दाढी-कटिंगनंतर मान मोडून घेण्याची. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. अचानक हिसका बसला तर त्यांचे आतले अस्तर फाटून गुठळी होऊ शकते आणि पक्षाघात येऊ शकतो. हे क्वचित घडते, पण घडते. ‘कट्’ आवाजाने वाटणारा मोकळेपणा तासाभराचाच असतो. कृपया कारागिरांनीही गिऱ्हाइकाला नाही म्हणावे.

स्वतःच्या मनाने मानेला पट्टा लावून महिनोन् महिने फिरू नये, स्नायू आणखी कमजोर होतात. कुशीवर झोपणाऱ्यांची उशी खांदा ते कान हे अंतर भरण्याइतकी हवी. उताणे झोपणाऱ्यांना दोन उशा नकोत.

हाताला मुंग्या, बधिरपणा, शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काही असेल तर व्यायाम करत बसू नये, डॉक्टर गाठावा. मानेसोबत छातीत किंवा डाव्या हातात दुखून घाम फुटला, तर आधी हृदयाची तपासणी.

– एक फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूर